तिखटाविना घर

"माय, आपला वसंता मिरचीनं गेला न्हाई," सत्यशीला म्हणाली, आणि आईच्या हातातली पळी वरणातच थांबली.

आईच्या, द्वारकाबाईंच्या, घरात तिखटाचा डबा नव्हता. धाकटा वसंता गेला तेव्हापासून नव्हता. पाहुणे मिळमिळीत वरण मुकाट्याने गिळायचे. कारण सगळ्या घनसावंगीला ठाऊक होतं. पोराला उसाच्या फडात कुत्रं चावलं. चावल्या जागी तिखट भरायची रीतच. सासूने मूठभर काढून दिलं, द्वारकाबाईंनी जखमेत दाबून भरलं. पाय सुजला, अंग तापाने फणफणलं. अंबडच्या डॉक्टरांनी लालभडक फडकं सोडलं आणि सगळ्यांदेखत आईलाच फैलावर घेतलं. विष रक्तात भिनलं होतं. पोर हाती लागलं नाही. आई मात्र त्यावर कधी अवाक्षर बोलली नाही.

सत्यशीला शिकली ती त्या गप्प बसण्यापायी. आता ती औरंगाबादला औषधांवर संशोधन करायची. परवा तिने एक प्रयोग वाचला. रक्तात विष भिनलेल्या उंदरांना मिरचीतलं तिखट द्रव्य दिलं, तर दाह उतरला, काही जगलेसुद्धा. वाचता वाचता तिला रडू फुटलं. मिळेल ती एसटी पकडून ती घरी आली.

उंदरांचं तिने सांगितलं. ते द्रव्य शुद्ध केलेलं असतं, घरच्या तिखटाने जखमेचं वाटोळंच होतं, हे मात्र गाळलं. म्हाताऱ्या जिवाला एवढं सुख दिलं तर कुणाचं काय बिघडतं?

"म्हंजी मिरचीनं वाचतं माणूस?"

"बिलकुल वाचतं. तू बराबर केल्तं, माय."

आई भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेना.

"लई तळमळून राह्यल्तं गं लेकरू," ती म्हणाली. "तुझी आजी झोपली, मंग हौदावर नेलं अन् सगळं तिखट धुऊन काढलं. फडकं तेच बांधलं, कुणाला कळू दिलं न्हाई. लोकं बोलायची. मी म्हणायची, बोलू द्या, म्या तर धुतल्तं. त्याच्यावरच जगले बाई मी."

सत्यशीला आईला खेटून बसली. "माय, धुतलं तेच बराबर होतं! खरंच सांगते, धुवायलाच पाहिजे होतं!"

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"राहू दे, बाई. माझ्यासाठी खोटं नको बोलू."