अर्धा चणा

“चणा दोन बोटांत धरायचा आणि दाबायचा. सहज फुटला पाहिजे. नाही फुटला तर पुन्हा गॅसवर,” गाजरआजी म्हणाल्या.

नव्या बाईने एक चणा दाबून पाहिला. फुटला.

पाळणाघरातल्या पोरांनीच त्यांना गाजरआजी केलं होतं. मागच्या अंगाचं हे स्वयंपाकघर त्यांनी एकोणीस वर्षं सांभाळलं. चाळीस पोरांच्या आवडीनिवडी तोंडपाठ. त्यांचे आईबाप मात्र फाटकावरूनच परत जात, त्यांची तोंडं आजींनी कधी पाहिली नव्हती. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. शुक्रवारी त्या निघणार होत्या, आणि जाताना कुणी आपल्याकडे बोट दाखवू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. नव्या संचालिकेने त्यांच्या जागी ही बाई नेमली होती. कामाला चोख, बोलायला कमी.

“भाजी समोर ठेवून ‘खा’ म्हटलं की पोरं तोंडाला कुलूप लावतात,” आजी सांगू लागल्या. “म्हणून गाजर किसायचं. काकडीच्या बिया काढायच्या. लिंबू नावाला, आणि वरून संत्र्याचा रस. गोड लागलं की बीटसुद्धा मुकाट्याने जातं. तुम्हाला मूलबाळ?”

“मुलगा. साडेतीन वर्षांचा.”

“खातो का असलं सॅलड?”

“तळाचा रस तेवढा. ताटली तोंडाला लावून.”

“सगळी मेली सारखीच!” आजी खुदकन हसल्या.

मग त्यांनी चण्यांची परात पुढे ओढली आणि एकेक चणा मधोमध चिरायला घेतला. नवी बाई बघत राहिली.

“एकेक? सगळे?”

“सगळे. कितीही कंटाळा आला तरी. लहान पोराच्या घशात असलं गोल काही जाता कामा नये.”

“पहिल्यापासून असेच चिरता?”

सुरी थांबली. “दोन वर्षं झाली.”

“का बरं?”

हे उत्तर आजींना पाठ होतं. “एका पोराच्या घशात शेंगदाणा अडकला. आईने डब्यात दिला होता. गेलं बिचारं. चौकशीतही तसंच आलं. काय म्हणावं असल्या आईला! शिकलेल्या असतात, पण अक्कल म्हणून नसते.”

नव्या बाईने दुसरी सुरी घेतली आणि तीही चिरू लागली. तिचे तुकडे आजींच्या तुकड्यांपेक्षा एकसारखे पडत होते. बाहेर पोरं कसलंसं गाणं ओरडून म्हणत होती.

“शेंगदाणा डब्यातला होता,” थोड्या वेळाने ती म्हणाली, “मग चणे का चिरता?”

दोन वर्षांत हा साधा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. शुक्रवारनंतर ही परात हिच्या हाती. हिला खरं कळलं नाही, तर एखाद्या दिवशी घाईत ही चणे आख्खेच टाकायची. आपलं नाव राहो न राहो, पोरं वाचली पाहिजेत.

“दार लोटा जरा,” त्या हळूच म्हणाल्या.

बाईने दार लोटलं.

“चणा होता. माझाच. आख्खा, आणि वर अर्धाकच्चा. त्या दिवशी उशीर झाला होता. मीच बोट घालून काढला आणि केरात टाकला. तोवर सगळं संपलं होतं. जुन्या संचालिकाबाई म्हणाल्या, डब्यावर ढकलू, नाहीतर पाळणाघराला टाळं लागेल. मी मान डोलावली.” आजींनी डोळे पुसले. “कुणाला बोलू नका हो. पण चणे तेवढे चिरा.”

नव्या बाईने सुरी खाली ठेवली. हात धुतले. पुसले.

“डब्यात केळं होतं,” ती म्हणाली. “बारीक तुकडे करून मीच दिलं होतं.”