वहीत कुणाला शंका?

“वहीत कुणाला शंका?” बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

“नाही, बाई!” बावीस जण एका सुरात ओरडले आणि मग स्वतःलाच हसले.

चाळिशी-पन्नाशीची माणसं, पण लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वर्ग तोच, फळा तोच आणि गणिताच्या बाईही त्याच. वर्षातून एकदा सकाळच्या शाळेत शिकलेले आणि दुपारच्या शाळेत शिकलेले एकमेकांशी सामना खेळत. धावा बाई लिहीत. सामना संपला की सगळे घामेजलेले वर्गात येऊन बसत. बाई तीनदा विचारत, मग सही करत. सही झाली की निकाल पक्का.

आज सकाळवाल्यांच्या एकशे बारा झाल्या होत्या. दुपारवाले एकशे अकरावर सर्वबाद. शेवटचा गडी भोपळा.

त्याला हे नाव गणिताच्या पेपरांनी दिलं होतं आणि बॅटने ते टिकवलं होतं. आजही त्याने परंपरा मोडली नव्हती.

पहिल्या बाकावर बसून तो बाईंच्या टेबलावरच्या उघड्या वहीत आपलं शून्य शोधत होता. शोधता शोधता नजर सकाळवाल्यांच्या पानावर घसरली. चौदावं षटक. एक, चार, शून्य, दोन, एक, एक. बोटं आपोआप चालली. भोपळा औषधाच्या दुकानात कामाला होता. दिवसभर गोळ्या मोजायच्या, आणि स्वतःवर भरवसा नाही म्हणून प्रत्येक पुडी दोनदा मोजायची.

नऊ. पुन्हा नऊ. बाईंनी अकरा लिहिले होते.

दोन धावा कमी म्हणजे सकाळवाल्यांच्या एकशे दहाच. म्हणजे आपण जिंकलो! पण मग त्याने कप्तानाकडे पाहिलं.

सकाळवाल्यांचा कप्तान गाडी चालवायला शिकवायचा. अकरा वर्षांपूर्वी त्यानेच म्हटलं होतं, “बाई, आता धावा फोनवरच लिहू. तुम्ही आरामात बसा.” तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “माझ्या वहीत चूक सापडली, की त्या दिवशी वही सोडेन.” त्यानंतर कुणी तो विषय काढला नव्हता. बाईंची बेरीज आणि चूक? सूर्य पश्चिमेला उगवायचा!

भोपळा दर महिन्याला बाईंच्या घरी औषधं पोचवायचा. घरात दुसरं कुणी नव्हतं. सामन्याला महिना असतानाच त्यांच्या टेबलावर टोक काढलेल्या पेन्सिली ओळीने मांडलेल्या दिसत. “पाऊस नाही ना रे येणार त्या दिवशी?” असं त्या चारदा विचारत. वर्षातला हा एकच दिवस त्या वर्गासमोर उभ्या राहत.

“शेवटचं विचारते. कुणाला शंका?”

“नाही, बा—”

“आहे,” भोपळा म्हणाला.

मागून कुणीतरी खिदळलं. “वा रे पठ्ठ्या! स्वतः शून्यावर गेला आणि आता बाईंचं गणित तपासतोय!”

“नाचता येईना अंगण वाकडं,” कप्तानाने री ओढली.

“गप्प बसा,” बाई म्हणाल्या. “तू उभा राहा. काय शंका आहे?”

भोपळा उभा राहिला. कान लाल झाले होते. भोपळा मिळाला म्हणून बाईंनी त्याला कधीच मारलं नव्हतं. मारलं होतं एकदाच, शेजाऱ्याचं बरोबर उत्तर उतरवून घेतलं म्हणून.

“चौदावं षटक, बाई. अकरा नाहीत. नऊ आहेत.”

“नक्की?”

“दोनदा मोजले.”

“एका षटकावरून ठरवायचं नसतं. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर मिळव. ये, फळ्यावर कर.”

तीस वर्षांनी तो त्या फळ्यासमोर गेला. एकेक आकडा लिहिला, हातचे बाजूला मांडले, वरून खाली मोजलं, मग खालून वर. कुणी हसलं नाही. खाली त्याने एकशे दहा लिहिलं आणि मागे न बघता तसाच उभा राहिला.

बाईंनी चष्मा पुसून फळा पाहिला. “बरोबर आहे. सकाळ एकशे दहा. दुपारवाले जिंकले.”

दुपारवाल्यांपैकी एकानेही टाळी वाजवली नाही. बाईंनी अकरा खोडून नऊ लिहिले आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं.

“चुकलं माझं, बाई,” भोपळा पुटपुटला. “मी बोलायला नको होतं.”

“बेरीज बरोबर आल्यावर कुणी माफी मागतं का रे?”

कप्तान घसा खाकरत उठला. थट्टेचा सूर गेला होता. “बाई, वय झालं की होतं असं. मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी तुम्ही पाहुण्या म्हणून या. खुर्ची आम्ही सावलीत ठेवू.”

“दिलेला शब्द मी पाळणार,” बाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली, त्यावर पेन्सिल ठेवली आणि दोन्ही भोपळ्याच्या हातात दिल्या. “आजपासून तू लिहायचं.”

“मी? बाई, मला गणितात—”

“माहीत आहे. तपासले आहेत मी तुझे पेपर.” बाई पदर खोचून वर्गाकडे वळल्या. “अकरा वर्षं दर सामन्यात एक चूक मी मुद्दाम घालते आहे, आणि अकरा वर्षं तुम्ही ‘नाही, बाई’ म्हणत आला आहात. आधीच्या दहा वह्या त्या कपाटात आहेत. दार लावून घ्या. तपासून झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.”