बाबा भानावर येतात

"काल हे बसून जेवले," मुलगा म्हणाला. "आज डोळेसुद्धा उघडत नाहीत. काय दिलंत?"

सिस्टरने कागद उलटला. "सलाईन उपटत होते. झोपेची गोळी दिली."

"आणि परवा?"

"परवाही."

फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी खाटेकडे न बघताच निकाल दिला. "ऐंशी वय आहे. डोकं चालेनासं होतंच. सवय करून घ्या."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानदाराच्या तराजूतली खोट त्यांना दारातूनच कळायची, आणि एकदा चूक पकडली की सुटका नाही. शेजारच्या काकू सांगत होत्या, आजारी पडेपर्यंत शब्दकोडं पेनाने सोडवत होते. लघवीला जंतुसंसर्ग झाला, ताप चढला, म्हणून दाखल केलं. आठ दिवसांत त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. चमचा तोंडाऐवजी कानाकडे जाऊ लागला. याला वय म्हणायचं?

काकूंचा फोन आल्यावर मुलगा मिळेल त्या गाडीने आला होता. तेव्हापासून त्याने खाटेजवळचं स्टूल सोडलं नव्हतं. जाग आली की बाबा त्याचा हात धरायचे. "आलास का राजा? बस. आई चहा टाकतेय. जेवूनच जा."

आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा म्हणायचा, "हो बाबा."

दुपारी काकूंनी घरातल्या गोळ्यांची पिशवी आणून दिली. मुलाने ती तशीच डॉक्टरांच्या टेबलावर ओतली. खाजेवर एका डॉक्टरने दिलेली, लघवी आवरायला दुसऱ्याने, झोपेला तिसऱ्याने. एक ना धड, भाराभर चिंध्या. दवाखान्याने त्या सगळ्या चालू ठेवल्या होत्या आणि वर आपली एक घातली होती.

"हे सगळं एकत्र घेतलं तर माझंही डोकं फिरेल," मुलगा ओरडला. बाहेरच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. "माणूस वेडा झालेला नाही. तुम्ही केलाय! आणि वर म्हणता, सवय करा?"

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी एकेक पाकीट उचलून वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. खाजेची गोळी बंद झाली, लघवीची बंद झाली, घरची झोपेची हळूहळू कमी करायची ठरलं. तेवढ्यावर मुलाचं समाधान होईना. त्याने कागदावर लाल शाईने लिहून घेतलं : मुलाला विचारल्याशिवाय जादा गोळी देऊ नये.

"तुमच्यासारखा मुलगा हवा," सिस्टर म्हणाली. "नाहीतर टाकून जातात लोक."

तिसऱ्या दिवशी चमचा तोंडाशी गेला. चौथ्या दिवशी बाबा भिंतीला धरून बाथरूमपर्यंत गेले. पाचव्या दिवशी मुलगा घर झाडून ठेवायला गेला होता. तेव्हा बाबांनी सिस्टरला वार सांगितला, तारीख सांगितली आणि फटकारलंही : "तुमचा वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवतो. लोकांना फसवता?"

सहाव्या दिवशी सकाळी मुलगा धुतलेले कपडे घेऊन आला. बाबा खाटेवर ताठ बसले होते. शर्टाची बटणं त्यांनी स्वतः लावली होती, गळ्यापर्यंत. त्यांनी मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुला कुणी बोलावलं?"

"बाबा, मी..."

"आई सतरा दिवस दाराकडे बघत होती. रोज निरोप धाडला. तेव्हा तुला सवड नव्हती." आवाज चढला नाही. "तिला पोचवून आलो तेव्हाच सांगितलं होतं, या घरात पाय ठेवायचा नाही. चालता हो."

सिस्टर धावत आली. "अहो आजोबा, तुमचा मुलगा ना हा? रोज राजा, राजा करता!" तिने बाबांच्या कपाळाला हात लावला. ते तिच्याकडे बघतच नव्हते. "काल चांगले शुद्धीवर होते. पुन्हा भ्रम झाला वाटतं."

"मला काही झालेलं नाही," बाबा म्हणाले. "याला विचारा."

सिस्टर मुलाकडे वळली. "विचारल्याशिवाय द्यायची नाही असं लिहून घेतलंय तुम्ही. देऊ का झोपेची गोळी?"

मुलाने बाबांकडे पाहिलं. इतके स्वच्छ डोळे त्याने बारा वर्षांत पाहिले नव्हते.

"द्या," तो म्हणाला.