हर्णैची शीळ

देवमासे सोशल मीडियावर येऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी एकमेकांना सर्वाधिक पाठवलेला आवाज पुण्याच्या परिषदेत थेट समुद्रातून ऐकवणार होते. तो मूळचा हर्णैचा, म्हणून तिथल्या मासेविक्रेत्या गजरी पावसे पाहुण्यांचं कार्ड गळ्यात घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

सभागृहात एक लांब शीळ घुमली. पुन्हा. पुन्हा.

"अर्थ कुणालाच लागलेला नाही," निवेदक म्हणाला.

गजरीबाई उभ्या राहिल्या. "आमचे हे बंदरात शिरताना अशीच घालायचे. भात टाक म्हणून. बोट बुडाली त्याला एकवीस वर्षं झाली."

निवेदकाने समुद्राशी जोडलेला माइक पुढे केला.

"टाकलाय," त्या म्हणाल्या. "या."

आणि अख्खा अरबी समुद्र गप्प झाला.