पण

निवृत्तीला टेकलेल्या साहेबांनी दहा वर्षं तिच्या वार्षिक अहवालात एकच वाक्य लिहिलं: "हुशार आहे, पण फटकळ." दरवेळी बढती हुकली आणि डूख वाढला. यंदा कंपनीने तिच्याच गळ्यात काम मारलं: जुने अहवाल संगणकाला वाचायला द्यायचे आणि भाषेतला दुजाभाव हुडकायचा. संगणकाने साहेबांचं बिंग फोडलं. बायकांच्या कौतुकामागे शंभरात ब्याण्णवदा "पण", पुरुषांच्या जेमतेम चारदा. पुरुषांचा फटकळपणा म्हणजे "बाणेदारपणा"! छापील निकाल पाहून साहेब खदाखदा हसले. "अगं, एवढ्याशा शब्दाने कुणाचं काय बिघडतं?" "खरंच की," म्हणत तिने दुसरा कागद सरकवला. साहेबांच्या मुदतवाढीवर संचालकांनी तिचं मत मागवलं होतं. तिने लिहिलं होतं, "साहेब अनुभवी आहेत, पण". साहेब चपापले. "अगं, वाक्य अर्धवट राहिलंय!" "पुढचं कुणी वाचत नाही, साहेब. दहा वर्षांचा अनुभव आहे."