कुस्तीगीराचा उजवा हात

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या जुन्या बाजारात क्रिसांतो मोडकी खेळणी दुरुस्त करायचा. ओबदुलियाबाईंनी त्याच्यापुढे वीतभर उंचीचा कुस्तीगीर ठेवला. जुन्या खेळण्याची नवी नक्कल, पण हात तुटलेला.

"दोन महिन्यांत मोडला, उस्ताद. जुन्याची सर नाही."

"मी ओतलेला हात तुमच्या नातवंडांना पुरेल, बाई."

असाच कुस्तीगीर बाईंच्या धाकट्या भावाकडे होता. सहा वर्षांचा फिदेन्सियो चाळीस वर्षांपूर्वी जत्रेत हरवला, खेळण्यासकट. तो जगला की नाही, कोणालाच कळलं नाही.

क्रिसांतोने तुटलेला हात सांधला, घासून गुळगुळीत केला, त्याचा रबरी साचा घेतला आणि त्यात प्लास्टिकचा नवा हात ओतला. त्यावर कोपरापाशी लहान मुलाच्या दातांचे ठसे होते.

"भूक लागली होती का, उस्ताद?" बाई हसल्या. मग चष्मा लावून पाहिलं. "वरचा मधला दात नाहीये. फिदेन्सियो हरवला त्या दिवशी सकाळीच त्याचा पडला होता."

क्रिसांतोने साच्यात बोट फिरवलं. आतून अगदी गुळगुळीत. त्याला राहवेना, त्याने दुसरा हात ओतला.

मोकळ्या जागी नव्या दाताची बारीक कड उमटली होती.

तिसऱ्यावर अख्खा दात होता.

पेल्यातली मक्याची पेज गार झाली, तरी बाई उठल्या नाहीत. "अजून एक ओता."

चौथ्या हातावरचे दात पुऱ्या वाढलेल्या माणसाचे होते. बाईंनी त्यावरून हळूच अंगठा फिरवला.

ठसे ताज्या लाळेने ओले होते.