कोरड्या तळ्यातली लाट

"शून्य टाका," अमृतराव साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. "तळ्यात आज पाणी किती? शून्य. तेच टाका. त्यात काय अवघड हाय?"

नव्यानंच रुजू झालेल्या अभियंता पंचशीलानं कळफलकावरची बोटं उचलली. पडद्यावर तळ्याचा नकाशा होता. एका काठावर मुरमाचा डोंगराएवढा ढिगारा, समोरच्या काठावर एकतीस घरं. उदगीरकडं नवा जिल्हा होणार म्हणून कचेऱ्यांसाठी टेकडी सपाट केलेली. जिल्ह्याचा अजून पत्ता नाही, पण टेकडीचा मुरूम तेवढा तळ्याच्या तोंडाशी येऊन बसला! तळं भरलेलं धरून ढिगारा घसरवला की पडद्यावर लाट उठायची आणि समोरच्या घरांच्या पत्र्यांवरून जायची. तिनं दहा वेळा चालवून बघितलं, दहाही वेळा तेच. पातळी शून्य धरली की मात्र लाटच नाही. ढिगाऱ्याचा अहवाल 'सुरक्षित', सोमवारी कचेऱ्यांचं भूमिपूजन, सगळे खूश.

"माणसं टँकरमागं घागरी घेऊन पळून राहिलीत," मुरूम टाकणारा ठेकेदार शरणप्पा खुर्चीत रेलून म्हणाला, "अन् मॅडमला लाटा दिसून राहिल्यात. लातुरात समुद्र आणला की ओ यांनी!"

साहेब हसले. पंचशीला हसली नाही. तिचं डोकं तापलं होतं.

"त्या घरांत एक माझ्या आईचं हाय, साहेब."

"म्हणजे घरचं प्रकरण म्हणा की!"

"हाव, घरचंच. बाकीची तीस दुसऱ्यांची हायत, ती पण मोजा."

साहेबांचं हसू गेलं. "हे बघा मॅडम, नोकरी नवी हाय तुमची. मुकाट सही करा, न्हाईतर सही करणारे लई मिळतात."

पंचशीलानं शून्य टाकलं. लाट पुसली गेली. मग तिनं एक कोरा कागद साहेबांपुढं सरकवला.

"शून्य का धरलं, ते अहवालाला जोडावं लागतं. तुमच्या हातानं लिहा, 'या तळ्यात इथून पुढं कधीच पाणी येणार नाही.' खाली सही करा. त्याबिगर माझी सही मिळणार न्हाई. नोकरी घ्यायची तर खुशाल घ्या."

"एवढंच ना?" साहेबांनी पेन उघडलं. 'या तळ्यात' लिहिलं. 'इथून पुढं' लिहिलं. आणि पेन थांबलं.

शेडच्या दारातून तळं दिसत होतं. भेगा पडलेलं, मधोमध बाभळी उगवलेलं. साहेब काही परमुलखातले नव्हते. हदगावच्या कापसाच्या शेतात वाढलेले. तिकडं थोरला भाऊ यंदाही पावसाआधीच धूळपेरणी करून आभाळाकडं तोंड करून बसलेला. साहेबांनी पेन पुन्हा टेकवलं. अक्षर उमटेना.

"लिहा की, साहेब," शरणप्पा म्हणाला. "तीन सालं थेंब न्हाई. आता कुठलं येतंय पाणी!"

साहेब ताडकन उठले. कागदाचा चोळामोळा झाला.

"तुझ्या जिभेला काही हाड? आधी तो ढिगारा उचल तिथून! मॅडम, तळं काठोकाठ धरा." त्यांचा आवाज चिरकला. "पाणी येईल! न येऊन सांगतंय कुणाला?"